चुकलेल्यांचा चहा

“तुमचं ठिकाण आलं आहे,” मोबाईल म्हणाला, आणि संजीवनीनं स्कूटरचा ब्रेक दाबला. समोर एक पत्र्याची शेड होती, शेडच्या कुडाला बांधलेली शेळी होती आणि त्यापुढं रस्ताच नव्हता, नुसता उतार. पुढ्यात उभी असलेली तिची लेक मैत्री आरशाच्या दांडीला धरून पेंगत होती. तिच्या कपाळावरचा धुळीचा पट्टा संजीवनीनं ओढणीनं पुसला आणि पुन्हा मोबाईलकडं पाहिलं. नकाशावरची लाल खूण आणि ती उभी होती ती जागा, दोन्ही अगदी एक. खुणेखाली ‘पायथा कृषी पर्यटन’ असं लिहिलेलं. ते तिनंच लिहिलं होतं. खूणही तिनंच लावली होती.

तिच्या गिऱ्हाइकाचं, सोमनाथचं ‘पायथा’ मात्र खाली ओढ्याकाठी होतं. इथून ते दिसतसुद्धा नव्हतं.

“तुमी बी चुकलात न्हवं?” शेडमधून आवाज आला. मागोमाग पदर खोचत एक म्हातारी बाहेर आली. “पायथ्याला जायाचं आसंल. समदी हितंच येत्यात. लेकराला उतरवा आदी, मान कशी वाकडी झालीया तिची.”

मी चुकले नाही, असं संजीवनी म्हणणार होती. पण तेही काही खरं नव्हतं.

“मावशी, मी लगेच निघणार आहे.”

“चुकलेलं मानूस लगीच निगत नसतंय. बस.”

म्हातारीनं मैत्रीला उचललंही. परक्या माणसानं हात लावला की किंचाळणारी ती पोर तिच्या खांद्यावर डोकं टाकून गप्प झाली. शेडमध्ये एक बाज, दोन बाकडी आणि धुमसती चूल. बाजेवर गोधडी हातानं सारखी करून म्हातारीनं पोरीला निजवलं आणि चुलीत काटक्या सारल्या. “मी बाळाबाई,” ती म्हणाली. “आलं घालू ना?”

संजीवनी बाकड्यावर टेकली आणि मग तिला उठवेना.

भोरमध्ये पिठाच्या गिरणीच्या वर तिचं ऑफिस होतं. ऑफिस म्हणजे एक टेबल, एक लॅपटॉप आणि टेबलाखाली मैत्रीचे रंगीत खडू. वेबसाइट बनवायची, लोकांच्या मोबाईलवर जाहिराती टाकायच्या, नाराज गिऱ्हाइकांना दुकानदाराच्या वतीनं गोड शब्दांत उत्तरं लिहायची, असं ते काम. नवरा, सम्राट, वरव्याकडच्या एका कंपनीत होता. त्याची पाळी बदलली की हिची झोप बदलायची. ‘बसून तर असतेस,’ असं शेजारपाजारचे म्हणत. खरंच ती बसून असायची. एका हातानं पोरीला थोपटत दुसऱ्या हातानं मंगल कार्यालयाचे फोटो चढवायची.

विंझरकडच्या भागातलं तिचं पहिलं काम सोमनाथचं. त्याच्या शब्दावर राईस मिल आली, मंगल कार्यालय आलं. आणि काल त्याच सोमनाथचा फोन आला होता.

“म्याडम, तुमच्यावर राग न्हाई माजा. पर कालचं गिऱ्हाईक वरनंच माघारी पुण्याला गेलं, आन एक तारा टाकला. एकच! पुण्याचा एक एजन्सीवाला लई मागं लागलाय. उद्या नकाशाचा तो व्हिडिओ झाला तर झाला, न्हाईतर मला बी माजं बगाया पायजे.”

तो गेला की त्याच्या मागून आलेलेही जातील, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. मग त्या गिरणीवरच्या खोलीचं काय, हा विचार तिनं रात्रभर उशीखाली दाबून ठेवला होता.

खूण चुकली आहे हे तिला केव्हापासून ठाऊक होतं. घरबसल्या ती सरकवायचा तिनं कितीदा प्रयत्न केला. दर वेळी नकाशावाल्या कंपनीचं एकच उत्तर यायचं, जागेवर जा आणि पाटी दिसेल असा व्हिडिओ काढून पाठवा. तेवढं जागेवर जाणंच जमलं नव्हतं. कधी पोरीला ताप, कधी दाढा, कधी नुसताच जीव उरलेला नसायचा. ती फोनवरच पाहुण्यांना वाट सांगायची, ‘वर गेलात का? मग परत खाली या, फाट्याला डावीकडं.’ आज तिनं ठरवून कुणाला वाट विचारली नाही. आपली खूण माणसाला कुठं नेऊन सोडते, ते एकदा बघू म्हणाली.

बाळाबाईनं चहाचा पेला हातात दिला.

“आदी हितं काळं कुत्रं फिरकत नव्हतं,” ती म्हणाली. “आमचं मालक गेलं, शेळ्या आन मी. आन मंग एकाएकी लोकं चुकायाच लागली बग! मोटारी घिऊन. बिचारी तोंडं वाळवून उतरायची. मी म्हनलं, आरं, बसा, चा तरी घ्या. मंग कुनी म्हनलं भाकरी हाय का. मंग म्या ही बाकडी केली.”

“रोज येतात?”

“शनवार-रयवार तर रीघच. मागं एक बाई आली, रस्ताभर नवऱ्याशी भांडत आल्याली. हितं जेवली, हसली, पायथ्याला गेलीच न्हाई. हितनंच घरला गेली.” बाळाबाई तोंडाला पदर लावून हसली.

तेवढ्यात खालून एक माणूस धापा टाकत चढून आला. शेडसमोरच्या खडकावर उभा राहून त्यानं मोबाईल कानाला लावला आणि खताच्या गोण्यांबद्दल मोठ्यानं ओरडून बोलू लागला.

“त्याला काय झालं?” संजीवनीनं विचारलं.

“काय न्हाई, रेंज. खाली येत न्हाई ना. समदं गाव ह्याच धोंड्यावर येतं फोन कराया. सोमनाथनं आता घरात ते वायफाय घेतलंय, पर आदी तो बी हितंच आसायचा.”

संजीवनीच्या हातातला पेला तसाच राहिला. तिला तिचंच बोलणं ऐकू आलं. मैत्री तेव्हा महिन्याची होती. पोरीला छातीशी धरून, फोन खांद्यानं कानाशी दाबून ती म्हणाली होती, ‘भाऊ, जिथं उभे आहात तिथूनच लोकेशन पाठवा.’ आणि त्यानं पाठवलं होतं. तो जिथं उभा होता तिथूनच.

ती कुडाला टेकली. हे बाळाबाईला कसं सांगावं, याची जुळवाजुळव करता करता तिचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा तिच्या अंगावर एक जुनी शाल होती. मैत्री बाळाबाईच्या मांडीवर बसून साखर-भाकरी खात होती आणि शेळीलाही एक-एक तुकडा देत होती. ऊन शेडच्या आत सरकलं होतं. अंगावर कुणीतरी काही पांघरूण घालून किती काळ लोटला, हे संजीवनीला आठवेना. शाल तिनं लगेच काढली नाही.

“मावशी,” ती म्हणाली, “लोक आपले आपण चुकत नव्हते. मोबाईलवरची ती जागेची खूण मी लावलेली आहे. मीच त्यांना इथं पाठवत होते. आणि आज ती खूण खाली नेणार आहे. त्याच कामाला आलेय मी.”

बाळाबाईचा भाकरी मोडणारा हात थांबला.

“म्हंजी तू धाडत व्हतीस व्हय?”

“हो.”

“आन मी मेंगाईला नारळ फोडीत व्हते!”

दोघी हसल्या. हसू लवकर सरलं.

“मी तुमच्या नावाची वेगळी खूण लावते,” संजीवनी घाईनं म्हणाली. “‘बाळाबाईंचा चहा.’ शेळीसकट फोटो टाकते. मला काही नको त्याचं. लोक मुद्दाम तुमच्याकडं येतील.”

“नगं.”

“का?”

“मुद्दाम येनारं गिऱ्हाईक लई वाईट, बाई. माज्या दिरानं हाटेल टाकलं व्हतं की विंझरला. आलं कमी पडलं, साखर ज्यादा झाली, कपाला टवका. ऐकून ऐकून म्हातारा झाला. चुकलेलं मानूस तसं म्हनत न्हाई. त्याला नुसतं ‘बस’ म्हनलं तरी बरं वाटतं. चा निम्मा सांडला तरी म्हंतंय, आजी, लई भारी.” तिनं मैत्रीच्या ओठाला लागलेली साखर बोटानं टिपली. “आन नाव लावलं की रोज उगडावं लागतं. गुडगा दुकला तरी उगडा, मन नसलं तरी उगडा.”

शालीच्या काठाची सुटलेली दशी संजीवनी बोटाभोवती गुंडाळत राहिली.

“मग आता कसं करायचं?” तिनं शेवटी विचारलं.

“आता काय! शेळ्या हाईत. तू तुजं काम कर. तुला बी लेकरू हाय.”

बाहेर मोटारसायकल थांबली. सोमनाथ डोळे बारीक करून आत डोकावला.

“म्याडम! हितं काय करताय? मी खाली पाटीपाशी कवाचा उभा!”

“तुमच्या लोकेशनवर आले, भाऊ.”

सोमनाथनं खडकाकडं पाहिलं, मग तिच्याकडं. टोपी काढून त्यानं डोकं खाजवलं.

“आयला! हितनंच पाठवलं व्हतं व्हय म्या?”

“मीच तसं सांगितलं होतं तुम्हाला.”

“घ्या! दोघं बी श्याणी.” तो हसला आणि बाळाबाईकडं वळला. “काकू, आता तुजी मोटारवाली बंद बरं का. आता सरळ माज्याकडं येनार.”

“येऊंदेत की बाबा,” बाळाबाई म्हणाली आणि राख सारायला चुलीपाशी वाकली.

खाली ओढ्याकाठी काम भराभर उरकलं. संजीवनीनं रस्त्यापासून चालत येत व्हिडिओ काढला, पाटी, फाटक, तंबू, चुलीवरची भली मोठी पातेली. मैत्री मध्येच कॅमेऱ्यापुढं आली म्हणून तो पुन्हा काढावा लागला. सोमनाथच्या वायफायवर बसून तिनं व्हिडिओ पाठवला आणि चहा येईतोवर कंपनीचं होकाराचं उत्तरही आलं. लाल खूण माळावरून उचलून ओढ्याकाठी ठेवायला फक्त बोट फिरवावं लागलं.

“झालं?”

“झालं.”

“एवढंच व्हतं?” सोमनाथ खूश होऊन म्हणाला. “एजन्सीवाल्याला आता सांगतो, आमची म्याडम हाय म्हनावं. आन तेवढं त्या एक तारेवाल्याला जरा ग्वाड उत्तर ल्ह्या.”

“लिहिते,” ती म्हणाली. आता हायसं वाटेल, म्हणून ती वाट बघत होती. हायसं वाटलंही. पण ते शाळेतून बाईंनी लवकर सोडल्यासारखं नव्हतं, काम संपून हात धुतल्यासारखं होतं.

परतताना फाट्याजवळ एक मोटार अडून उभी होती. चालवणारा माणूस मोबाईल काचेबाहेर धरून हलवत होता. स्कूटर बघून त्यानं हात केला.

“ताई, ते पायथा कुठं आलं? नकाशा नुसता फिरतोय.”

“डा...” संजीवनी म्हणाली आणि तिचं लक्ष मागच्या सीटकडं गेलं. तिच्याएवढीच एक बाई होती. मांडीवर तान्हं, खांद्यावर ओला नॅपकिन, मान मागं टाकलेली. तिनं डोळे उघडले, आणखी किती, एवढंच त्यांत होतं, आणि पुन्हा मिटून घेतले.

संजीवनीनं हात उचलला.

“वर जा,” ती म्हणाली. “सरळ वर. रस्ता संपेल तिथं थांबा.”

“वर? नक्की ना? खाली एक रस्ता दिसतोय.”

“वरच. तिथं एक आजी आहेत, त्या सांगतील पुढचं. आधी बसा जरा.”

मोटार धूळ उडवत चढाला लागली. पुढ्यात उभ्या मैत्रीनं तिला टाटा केला. संजीवनीनं किल्ली फिरवलेली होती, पण माळावर त्या गाडीचा आवाज थांबेपर्यंत तिनं स्कूटर सुरू केली नाही.