एका भोकाचे बारा रुपये

मी गोजराबाई. खोटं बोलाची मले हौस नाही, पण भावाच्या डोक्यासाठी मी पाच वर्सं खोटं बोलली, अन शेवटी केनवडच्या भरल्या मांडवात पकडल्या गेली. ते सांगतो आता. मधात कोणी टोकू नका, मले राग येते.

माहा भाऊ इंद्रभान, घरी आमी इंदर म्हणतो. माय-बाप लवकर गेले, म्हणून तो लहानपणापासून वाशीमले माह्याच घरी राह्यला. शिकला, कचेरीत कारकून लागला. ना बिडी, ना पत्ते, ना कोणासंग भांडण. पण बाविसावं लागलं अन त्याचे केस गळाले लागले. पयले कपाळावरचे, मंग टाळूवरचे. मी काय काय नाही केलं! कांद्याचा रस लावला, माक्याचं तेल लावलं, जास्वंदाची फुलं वाटून थापली. केस तर आले नाहीतच, उशा मात्र साऱ्या खराब झाल्या.

मंग एक दिवस मीच बाजारातून पांढरी टोपी आणली अन त्याच्या डोक्यावर ठेवली. कानाजवळचे अन मानेवरचे केस चांगले दाट होते, ते टोपीखालून दिसत. पाह्यणाऱ्याले वाटे, आत जंगल असंल. दर रविवारी मी त्याच्या चार टोप्या धूत होती, खळ देत होती, कडक इस्त्री करत होती. अन कठी बाहेर जायचं झालं का माह्या पिशवीत एक जास्तीची टोपी राहेच. वाऱ्यानं उडाली-बिडाली तर?

पंच्याहत्तरच्या दिवाळीनंतर केनवडच्या पंजाबरावची पोरगी लिला सांगून आली. मॅट्रिक झालेली, कामाची, घर बी चांगलं. पाह्याले गेलो, टोपी डोक्यावर. कोणी काही इचारलं नाही. फक्त लिलाची आत्या कस्तुराबाई, मोठी चौकस बाई, निंगता निंगता मले म्हणे, "पोराच्या अंगात काही उणं नाही ना वं? आमी पोर देऊन राह्यलो, वासरू नाही."

मी म्हटलं, "उणं निंगालं तर माह्या तोंडाले काळं फासा!"

बोलून गेली बाप्पा. जिभेले काय, हाड असते थोडंच.

घरी आल्यावर इंदर म्हणे, "बाई, सांगून टाकाले पाह्यजे होतं."

"सांग अन बस मंग जनमभर बिनलग्नाचा," मी म्हटलं. "आधी तीन ठिकाणी सांगितलं होतं ना? काय झालं?"

तिन्ही ठिकाणून नकार आला होता, ते त्याले बी माहीत होतं.

त्याच हप्त्यात त्यानं कचेरीतून एक मासिक आणलं. त्यात छापलं होतं का आता डोक्याचं आपरेशन होते. मानेवरचे केस मुळासकट काढून टाळूवर लावतात, धानाची रोपं लावतात तसे. तो हासून सांगत होता. मी हासली नाही. म्हटलं, "पत्र लिही." एक पत्र मुंबईच्या डाक्टरले लिहाले लावलं, अन दुसरं अमेरिकेत देवमनले.

देवमन म्हणजे आमच्या शेजारच्या ग्यानबाचा पोरगा. शाळेत इंदरच्या बाकावर बसणारा. ग्यानबानं छप्पन साली धम्म घेतला अन पोराले जे शाळेत टाकलं ते इंजिनेर होईपावतर बाहेर काढलं नाही. आता तो शिकागोले होता. मी इंदरले म्हटलं, "दोन्हीकडचा भाव कळू दे. मंग पाहू."

दीड महिन्यानं दोन्ही पत्रं पाठोपाठ आली. रविवार होता, मी अंगणात पापड वाळू घालत होती. इंदर पायरीवर बसला अन पाकिटाच्या मागं हिशेब मांडू लागला. मुंबईचा डाक्टर भोकावर भाव लावे; टाळूले भोक पाडून त्यात केसाचा एक झुपका बसवाचा. एका भोकाचे बारा रुपये, भोकं तीनशे. झाले छत्तीसशे. राह्याचा-खायाचा खर्च धरून पाच हजार. अमेरिकेत एका भोकाचे आठ डालर. तीनशे भोकाचे चोवीसशे डालर, अन डालर तवा नऊ रुपयाच्या आसपास. म्हणजे एकवीस हजाराच्या वर. इमानाचं तिकीट वेगळंच.

इंदरचा पगार साडेतीनशे रुपये.

"भोक तेच ना?" मी म्हटलं. "मंग तठी एवढं महाग काहून?"

"तठी सारंच महाग हाय, बाई. देवमन म्हणते, हात साफ हाय त्याईचा. अन शेवटी लिहून राह्यला, का अठी बी अर्धे लोक टकले हायत, पण टोपी कोणीच घालत नाही."

"त्याचं काय जाते सांगाले! त्याले थोडीच केनवडची पोरगी कराची हाय."

इंदर पाकिटाकडं पाहत म्हणे, "मुंबईचं झालं तरी चार खेपा लागतात. अन केस वर याले सात-आठ महिने. लग्न तर वैशाखात हाय."

पण मी हार मानणारी नाही. मी ठरोलं, साक्षगंध चैतात टोपीवरच उरकून घ्याचं. मंग काही निमित्त काढून लग्न तुळशीनंतर ढकलाचं. तवरिक माही गळ्यातली सोन्याची एकदाणी मोडून मुंबईचं काम करून टाकाचं. एकदाणी माह्या सासूची होती. मालकायले मी इचारलं बी नाही. साक्षगंध तेवढं नीट पार पडलं का पोरगी आपली, मंग पाहून घेऊ, असं मी मनाशी बोलत होती.

साक्षगंधाच्या दिवशी मांडवात दीडशे माणूस. ऊन असं का डोळे उघडवत नव्हते. पंजाबरावनं इंदरले पाटावर बसोलं, गंध लावलं. धोतर-सदरा दिला, दुपट्टा खांद्यावर टाकला. मंग ताटातली नवी टोपी हातात घेतली.

आमच्याकडं वाशीमले टोपी ताटात देतात. घेणारा कपाळाले लावते अन बाजूले ठेवते. मी तेच धरून चालली होती. केनवडले सासरा आपल्या हातानं घालते, हे मले कोणी सांगितलं नव्हतं, अन मी बी इचारलं नव्हतं.

"जुनी काढा जवाईबापू," पंजाबराव म्हणे.

"वरूनच घाला!" मी वरडली. "मुहूर्त टळून राह्यला!"

"टोपीवर टोपी?" कस्तुराबाई म्हणे. "अवं बाई, असं तर मयताले बी करत नाहीत कोणी."

सारे इंदरकडं पाहून राह्यले होते. पंजाबराव टोपी धरून उभा. मी इंदरले डोळ्यानं खुणावत होती, चक्कर आल्यासारखं कर, पाणी माग, काही बी कर. त्यानं माह्याकडं एक डाव पाह्यलं. मंग हात वर नेला अन टोपी काढून मांडीवर ठेवली.

मागून कोणीतरी फिसकन हासलं. उन्हाची तिरीप नेमकी त्याच्या टाळूवर पडली होती.

"काढू काय वं चुलीतलं काळं?" कस्तुराबाई उठूनच उभी राह्यली. "का कोळसा चालन तुले?"

माहं डोकं फिरलं. शरम आली का मले रागच येते, ही माही जुनी खोड. पिशवीतून दोन्ही पत्रं काढून मी मांडवात नाचवली. "आमी काही हात बांधून बसलो नव्हतो! मुंबई इचारली, अमेरिका इचारली! मुंबईले बारा रुपये भोक, अमेरिकेत आठ डालर! तीनशे भोकं! दिवाळीपावतर केस आले असते याच्या डोक्यावर!"

"बारा रुपये भोकाचे?" एक म्हातारा म्हणे. "बारा रुपयात तर आमचा सुतार पेरणीची पुरी तिफन भोकासकट भरून देते!"

मांडव खदखदा हासला. इंदर मान खाली घालून बसला होता अन त्याची मान लालभडक झाली होती. पंजाबराव मात्र हासला नाही. त्यानं नवी टोपी ताटात ठेवून देल्ली. मले म्हणे, "बाई, केस माह्या बी डोक्यावर फार नाहीत. पण तुमी बोलल्या होत्या का काही उणं नाही."

झालं, मोडलं, असंच मले वाटलं. चौथ्या ठिकाणून बी माहा भाऊ वापस जाऊन राह्यला, अन या खेपी माह्यामुळं.

तेवढ्यात लिला दारात आली. "ते कागद दाखवा मले."

"आत हो वं!" कस्तुराबाई खेकसली.

"आत्याबाई, संसार मले कराचा हाय," ती म्हणे. तिनं देवमनचं पत्र वाचलं, पाकिटामागचा हिशेब वाचला. मंग इंदरले इचारलं, "तुमाले पाह्यजेत काय हे केस?"

इंदर उठून उभा राह्यला. "लोक हासतात म्हणून पाह्यजे होते," तो म्हणे. "अन तुमी बी हासान म्हणून."

"मी हासली काय?"

"नाही."

"टोपी घालाले कवापासून लागले?"

"पाच वर्सं झाले. बाईनं आणून देल्ली होती."

लिलानं माह्याकडं पाह्यलं. ते पाह्यणं मले सहन झालं नाही. मंग ती बापाकडं वळली. "बाबा, नवी टोपी ताटातच राहू द्या. हे असेच जातीन. आठ दिवस बाजारात, कचेरीत, उघड्या डोक्यानं. आपल्या शेजारचा गोविंदसिंग रोज वाशीमले जाते ना, तो सांगन आपल्याले. एक डाव बी डोक्यावर टोपी दिसली तर नारळ वापस. टकलाचं मले काही नाही. पण लपून राह्यणाऱ्या माणसासंग मले जनम नाही काढाचा."

पंजाबरावनं पोरीकडं पाह्यलं, मंग इंदरकडं. "मंजूर हाय काय जवाईबापू?"

"हाय," इंदर म्हणे.

"अन गोजराबाई," लिलानं हात पुढं केला, "ते टोपी अठी द्या."

मी इंदरच्या हातातली टोपी घेऊन तिच्या हातावर ठेवली. पिशवीतली दुसरी काही काढली नाही. ती हाय हे फक्त मले माहीत होतं, अन इंदरले.

मोटारस्टँडपावतर केनवडचा बाजार पार करून जाव लागे. आमच्या मागून दहा पावलं सोडून गोविंदसिंग चालत होता. पानठेल्यावरचे लोक उठून पाहत. "चंद्र निंगाला रे भरदुपारी!" कोणीतरी म्हटलं. इंदरचा हात घडीघडी वर जाये अन तसाच खाली ये. मी मागून चालत होती अन मले वाटे, पदर काढून त्याच्या डोक्यावर टाकाव.

मोटार आली. चढलो, बाकावर बसलो. गोविंदसिंग मागच्या बाकावर बसला. अन समोर पाहतो तर इंदरच्या कचेरीतले हेडक्लार्क, घरच्या साऱ्या माणसायसंग! इंदर जागच्या जागी थिजला. ते खिडकीतून बाहेर पाहून राह्यले होते, अजून त्याईनं मान वळवली नव्हती.

इंदर माह्याजवळ वाकला. "बाई, दे."

"काय?"

"पिशवीतली. उतरेपावतरच. मंग काढतो. गोविंदसिंग पार मागं हाय, बाकाच्या आड त्याले दिसत नाही."

मी पाच वर्सं त्याच्या एका शब्दावर टोपी काढून देत आली होती. हात पिशवीत गेला बी होता, बोटाले खळीचा कडक कपडा लागला. अन तवा मले उमजलं, का पयली टोपी त्यानं मागितलीच नव्हती. तो आरशासमोर उभा राहून आपल्याच टकलाले हासला होता, अन मी दुसऱ्या दिवशी बाजारात धावली होती. शरम माही होती. त्याच्या डोक्यावर मी तिले पाच वर्सं धुवून, इस्त्री करून ठेवत होती.

मी पिशवी मांडीखाली घेतली अन तिच्यावर बसली.

"आज आणली नाही," मी म्हटलं.

"तू रोज आणतं."

"इसरली."

त्याले खरं वाटलं नाही. मी कवाच इसरत नाही हे त्याच्याइतकं कोणाले माहीत. तो माह्या तोंडाकडं पाहत राह्यला, अन त्याच्या डोळ्यात पाणी आलं. तेवढ्यात हेडक्लार्कनं मान वळवली.

"अरे, इंद्रभान? ओळखलंच नाही तुले!"

इंदरचा हात डोक्याकडं गेला. टाळूवरून एक डाव फिरला, अन खाली आला.

"मीच व्हय साहेब," तो म्हणे. "साक्षगंध होतं माहं आज." अन खिडकीजवळ जागा असून बी तो उठून त्याईच्यापाशी जाऊन उभा राह्यला, बोलाले लागला.

मी पाठमोऱ्या त्या डोक्याकडं पाहून राह्यली होती. मागं गोविंदसिंग बी पाहत होता. टोपी माह्याखाली चुरगळून गेली होती, अन वाशीम येईपावतर मी जागची उठली नाही.