दुसऱ्या रकान्यातल्या खुणा

नाना गेले त्याला महिना झाला आणि दीपकने फोनवर सांगून टाकलं, "रविवारी येतोय ताई, नानांची खोली मोकळी करू. तो अँप्लिफायर भंगारात जाऊ दे. आईच्या डोळ्यांसमोर नको."

प्रतिभा धाकट्या भावाला "बरं" म्हणाली, आणि शनिवारी दुपारीच आईकडे, जेलरोडच्या घरी जाऊन पोचली.

तो जुन्या धर्तीचा, काचेच्या व्हॉल्व्हचा अँप्लिफायर नानांनी किट मागवून घरी बांधला होता. सुटे भाग, वायरींची भेंडोळी आणि जोडणीच्या बहात्तर पायऱ्यांचं पुस्तक. मनमाडला रेल्वेच्या सिग्नल खात्यात चौतीस वर्षं काढलेल्या नानांची एक सवय काही सुटली नव्हती. वायर जोडणारा एक, तपासणारा दुसरा. आपलं काम आपण तपासायचं नाही. म्हणून त्यांनी प्रत्येक पायरीपुढे पेन्सिलीने दोन रकाने आखले. पहिला स्वतःचा, दुसरा प्रतिभाचा. तिने वायर ओढून बघायची, रंग पुस्तकाशी ताडायचा आणि मगच बरोबरची खूण करायची.

"तपासनीस बाई कधी येणार?" दर रविवारी फोन यायचा.

"पुढच्या रविवारी नक्की, नाना."

ती आली थेट गणपतीत. नाना आंघोळीला गेले होते आणि तिला पाचच्या आत निघायचं होतं. चहा पिता पिता तिने दुसरा रकाना वरपासून खालपर्यंत खुणांनी भरून टाकला. एका वायरीलाही बोट लावलं नाही. नाना टॉवेलने डोकं पुसत बाहेर आले आणि पुस्तक बघतच राहिले.

"एकही चूक नाही?"

"तुमच्या कामात कसली चूक निघणार?"

त्या दिवशी ते तिला सोडायला पार रिक्षापर्यंत आले होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बटण दाबलं आणि स्पीकरमधून कानात सुई खुपसावी तशी शिट्टी निघाली. बंद करून पुन्हा लावलं तरी शिट्टीच. नाना म्हणाले, "दोघांनी तपासलंय. म्हणजे पुस्तकातला नकाशाच चुकलाय." कंपनीने कळवलं की याच नकाशावरून कितीतरी लोकांनी बांधलाय. नानांनी उलट पत्र लिहिलं, मग आणखी तीन. जेवताना तोच विषय, झोपताना तोच. एकदा तर एका पायात निळा आणि दुसऱ्यात तपकिरी मोजा घालून ते बँकेत जाऊन आले. दीपक म्हणाला, "ताई, त्यांचं डोकं फिरलंय." डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. सोल्डरिंगचं सामान माळ्यावर गेलं.

प्रतिभाला हे सगळं एका वाक्यात थांबवता आलं असतं. ती बोलली नाही. उलट डॉक्टरांनी विचारलं, "हट्टीपणा वाढलाय का?" तेव्हा तिनेच मान डोलावली. गोळ्यांनी नाना दिवसभर पेंगायचे. आठ महिन्यांनी ते झोपेतच गेले.

आता तिने अँप्लिफायर उलटा करून खालचं झाकण काढलं. पहिल्या पायरीपासून वायर ओढायची, रंग बघायचा, पुढे जायचं. सोल्डरिंगचे टाके सगळे पक्के होते. एकोणपन्नासाव्या पायरीवर तिचा हात थांबला. ट्रान्सफॉर्मरची निळी वायर डावीकडच्या व्हॉल्व्हला हवी होती आणि तपकिरी उजवीकडच्या. इथे बरोबर उलट होतं.

तिने पुस्तकाचं शेवटचं पान उघडलं. 'शिट्टी येत असल्यास पायरी ४९ पुन्हा पाहा.' त्या ओळीखाली नानांनी रेघ मारली होती आणि बाजूला लिहिलं होतं, 'पाहिली. प्रतिभानेही पाहिली आहे.'

मग तिला ते मोजे आठवले, एक निळा, एक तपकिरी. मोतीबिंदूचं ऑपरेशन त्यांनी 'आधी हे काम होऊ दे' म्हणून पुढे ढकललं होतं.

माळ्यावरून सामान काढून तिने त्या दोन वायरींची अदलाबदल केली. तिचे टाके ओबडधोबड आले, पण बसले. व्हॉल्व्ह तापले. रेडिओ जोडला तर पिंपळगावच्या कांद्याचे भाव सांगणाऱ्या बाईंचा आवाज इतका स्वच्छ आला, की दोन आकड्यांमधला त्यांचा श्वाससुद्धा ऐकू येत होता.

आई दारात उभी होती.

"चालला?"

"हो."

"म्हणजे ह्यांचं डोकं ठिकाणावर होतं."

"डोकं होतं, आई. डोळ्यांना रंग दिसत नव्हते." आणि मग प्रतिभाने दुसऱ्या रकान्याचंही सांगितलं. चहा, घाई, सगळं. काही गाळलं नाही.

रेडिओवर कांदा संपून टोमॅटो सुरू झाला.

"मी घरातच होते," आई म्हणाली. "निळं कुठलं एवढं मला कळतं. म्हटलंही ह्यांना, मला दाखवा. तर म्हणे, प्रतिभाने बघितलंय, आता आणखी काय बघायचं."

"आई, मला वाटलं नव्हतं..."

"गोळ्या नको म्हणायचे. लहान मुलासारखं तोंड फिरवायचे. मी हनुवटी धरून घालत होते, रोज दोन वेळा."

प्रतिभाने बटण बंद करायला हात पुढे केला.

"राहू दे चालू," आई म्हणाली. "दीपकला काय ते मी सांगते. तू जेवायला थांबू नकोस."