भुकेचा नवस

"दोन चमचे पेजंला पाऊण तास! आवं, आपलं लगीनबी एवढ्यात उरकलं हुतं," असं म्हणून शालूबाईंनी तिसरा चमचा पुढं केला. नाथाजींनी रोजच्यासारखी मान भिंतीकडं फिरवली.

ऑपरेशनला दोन महिने होत आले होते. 'अल्सर होता, कापून काढला,' एवढंच विश्वजितनं आईला सांगितलं होतं, आणि शालूबाईंना ते पटलंही होतं. कुंडलमध्ये अल्सरवाल्यांना काय तोटा? त्यांचे दीर आप्पासो तर अल्सरचं ऑपरेशन झाल्यावर दुसऱ्या महिन्यात जत्रेतलं मटण ओरपून आले होते. मग ह्यांनाच काय धाड भरलीय? दर दोन तासांनी भरवायचं, पाठीला उशा लावायच्या, खाल्ल्यावर आडवं होऊ द्यायचं नाही, हे सगळं त्या अगदी घड्याळाच्या काट्यावर करत. तोंडाचा पट्टा मात्र थांबत नसे. एकदा संतापाच्या भरात त्यांनी भाकरी दुधात कुस्करली आणि वाटी संपेपर्यंत समोरून हलल्या नाहीत. नाथाजी घामानं निथळले, तासभर पोटाशी पाय घेऊन तळमळले. "नाटकं नुसती," म्हणत शालूबाई परड्यात गेल्या आणि गोठ्याच्या आडोशाला उभ्या राहून रडल्या.

त्याच दिवशी त्यांनी नवस बोलला. माहेर उंब्रजचं, त्यामुळं अडल्यानडल्याला पालीचा खंडोबा. 'ह्यांनी आपणहून भाकरी मागितली की तुझ्यावर वाटीभर खोबरं आन् भंडारा उधळीन.' अल्सरला एवढं पुष्कळ. उगीच देवाला मोठ्या कामाला कशाला जुंपायचं? खोबऱ्याची वाटी तेव्हापासून देव्हाऱ्यात वाट बघत होती.

आज सांगलीला दाखवायला न्यायचं होतं. एरवी सून समीक्षा जायची, पण तिला ताप भरला होता.

"आई, तू कशाला? मी नेतो की," विश्वजित पुन्हापुन्हा म्हणत होता.

"व्हय, आन् गाडीत उलटी झाली तर तू स्टेअरिंग सोडून भांडं धरणार?" असं म्हणून त्या डबा घेऊन मागच्या सीटवर जाऊन बसल्यासुद्धा.

दवाखान्यात बापलेक आत गेले. शालूबाई बाहेर बाकड्यावर टेकल्या. शेजारी पलूसची मंगल नावाची बाई होती. तिचाही नवरा आत होता.

"मावशी, जेवत्यात का मालक?"

"कुठलं गं! लाडावल्यात. भूकच लागत न्हाई म्हणत्यात."

"लागंल कशी? पोटच काढल्यावर?" मंगल सहज म्हणाली. "आमच्यांचंबी सगळं पोट काढलंय. आतडं वर नेऊन जोडलंय. वरीस झालं, घड्याळ बघून जेवत्यात."

"अगं, आमचा अल्सर हाय."

मंगलनं त्यांच्याकडं पाहिलं, मग बाकड्यांवर ओळीनं बसलेल्या माणसांकडं. आवाज उतरवून म्हणाली, "मावशी, ह्या डाक्टरकडं समदी कॅन्सरचीच येत्यात."

शालूबाईंनी डब्याचं झाकण उघडलं. पुन्हा लावलं.

विश्वजित बाहेर आला, तसा त्यांनी त्याचा दंड धरला.

"कुणाकुणाला ठावं हुतं?"

त्याचं तोंड उतरलं. "आई, घरी गेल्यावर बोलू."

"नावं सांग."

"मला. समीक्षाला. आप्पासोकाकांना."

"म्हंजी रोज 'वैनी, दादा लवकर उठतोय बघा' म्हणून माझ्या हातचा च्या ढोसून जातोय, त्याला ठावं हुतं? कालच्या पोरीला ठावं? आन् ज्या बाईनं ह्यांचं हागणं-मुतणं काढलं, तिला न्हाई?"

बाप बसला होता त्या दाराकडं बघत तो म्हणाला, "आण्णांनी शपथ घातली होती."

"कुणाची?"

विश्वजितनं मान खाली घातली. "तुझीच."

नाथाजी भिंतीला धरत बाहेर आले. सदरा खुंटीवर अडकवल्यासारखा अंगावर लोंबत होता. त्यांची खायची वेळ झाली होती. शालूबाईंनी त्यांना आवारातल्या कट्ट्यावर बसवलं, पाठीमागं पिशवी लावली आणि पेजेचा डबा उघडला. एक चमचा. थांबल्या. दुसरा चमचा. थांबल्या. एक शब्द नाही.

नाथाजींनी त्यांच्याकडं निरखून पाहिलं.

"कळलं व्हय?"

शालूबाईंनी चमच्यानं पेज ढवळली.

"बोल की, शालू. शिव्या दे." त्यांना दम लागला. "तू वरडत हुतीस तवर वाटायचं, मला काय सुदीक झालं न्हाई. तुला कळलं असतं तर गोड बोलाय लागली असतीस. ते ऐकूनच मी मेलो असतो बघ."

दुसरी एखादी तिथंच विरघळली असती. शालूबाईंनी पदरानं त्यांच्या हनुवटीवरची पेज पुसली, तिसरा चमचा भरला आणि तो हातातच धरून ठेवला.

"ते तुमचं झालं. माझं काय? ज्याला पोट न्हाई त्याला म्या 'खा खा' म्हणून छळलं. पालीच्या देवाकडं रोज हात जोडून तुमची भूक मागितली, भूक! जीव मागायचा हुता. पायी चालत गेली असती अनवाणी, जागरण घातलं असतं. मला येडी करून तुमी देवाम्होरं उभं केलंसा. तुमी खडखडीत बरं झालासा तरीबी हे मी इसरायची न्हाई... आ करा."