एकाआड एक

गावच्या गाण्यांच्या कार्यक्रमाची यादी हातात आली आणि चिनात्सुने ती दोनदा वाचली. चौदा गायक. पहिलं गाणं बंदर आणि दारूचं, दुसरं शाळकरी मुलींचं उड्या मारत म्हणायचं, तिसरं पुन्हा बंदराचं, चौथं पुन्हा उड्यांचं. शेवटपर्यंत हेच.

"इनुझुकासाहेब, हे एकाआड एक कशासाठी?" तिने विचारलं. "आधी सगळी जुनी घ्या, मग सगळी नवी. मला एकदाच गिटार बदलावी लागेल."

इनुझुका हे गावच्या मंडळाचे अध्यक्ष. सभागृहाच्या दारात उभे राहून ते लोकांचे बूट ओळीत लावून घेत होते. "गेल्या वर्षी तेच केलं होतं," ते म्हणाले. "म्हातारे गायले आणि त्यांच्या सुना, नातवंडं, शेजारीपाजारी सगळे उठून जेवायला गेले. पोरी रिकाम्या खुर्च्यांसमोर गायल्या. आता ज्याला स्वतःच्या आजोबांना ऐकायचंय, त्याने दुसऱ्याच्या नातीलाही ऐकावं."

"पण माझे तेरा बदल होतात."

"मग एकच गिटार आणायची, ताई. आणि आज साडेतीनला संपलंच पाहिजे. नाहीतर पुढच्या वर्षी बँड नाही, कराओकेचं मशीन. भाड्याने मिळतं, त्यात सहा हजार गाणी असतात आणि ते काही बदलायला थांबत नाही."

ते हसले नाहीत, म्हणजे मंडळात ठरलेलं होतं. दर गुरुवारी आपलं सलून बंद झाल्यावर कुरोसु मास्तर आरशांपुढे ड्रम मांडायचे, पोस्टातली हानाए बेस घेऊन यायची आणि चिनात्सु आपल्या दोन गिटारी. हे सगळं या एका दुपारसाठी. मशीन आलं की गुरुवार संपले, आणि गिटारी जायच्या कपाटात, टेबलफॅनच्या खोक्यामागे.

एकच गिटार आणायची म्हणे. पातळ गिटार भरीव लाकडाची, कमरेखाली लोंबणारी, आवाज सुरीसारखा. मुलींच्या गाण्यांना तीच. पोकळ गिटार काखेत भोपळा धरल्यासारखी धरावी लागते, तिची मान रुंद, तारा जाड, आणि पोटावर एक दांडी. दांडी हलवली की सूर पाण्यावरच्या दिव्यासारखा थरथरतो. बंदराच्या गाण्यांना ती लागते. शिवाय एक काढून दुसरी घेतली की बोटांना अर्धं गाणं काहीच समजत नाही. पण हे बुटांच्या ओळी लावणाऱ्या माणसाला कसं सांगणार.

कार्यक्रम सुरू झाला. आवाज बंद कर, वायर काढ, पट्टा सोड, पट्टा चढव, वायर लाव, सूर बघ, आवाज उघड. तिसऱ्या बदलाला घाईत आवाज बंद करायचा राहिला आणि भोंग्यांतून असा दणका बसला की पुढच्या रांगेतलं बाळ रडायला लागलं. त्याच्या आईने चिनात्सुकडे जे पाहिलं ते तिला पुढची दोन गाणी पुरलं. प्रत्येक बदलाला कुरोसु मास्तर ड्रममागून विनोद सांगत होते.

"आता जरा लवकर," सहाव्या गाण्यानंतर ते कुजबुजले. "माझे विनोद संपले. आता गिऱ्हाइकांच्या टकलावर आलोय."

विंगेत इनुझुकासाहेबांनी मनगट उचलून घड्याळावर बोट ठेवलं. नऊ मिनिटं उशीर झाला होता.

चिनात्सुच्या गळ्यात पातळ गिटार होती. पोकळ गिटार स्टँडवर, तीन पावलांवर. जाऊ दे, तिने ठरवलं. सातव्या गाण्यापासून सगळं हिच्यावरच.

सातव्याला मासळीवाल्या तोकुए मावशी होत्या. चिनात्सुने आवाजाची धार कमी केली, मानेजवळ अंगठ्याने वाजवलं, जमेल तेवढं जाड. मावशी नेहमीसारख्या दुसऱ्या कडव्यात रडल्या आणि टाळ्या पडल्या. नवव्याला तेच, अकराव्याला तेच. कोणाला काही कळलं नाही. अध्यक्षांनी तर अंगठा दाखवला.

वेळ भरून निघत होता आणि चिनात्सुचं डोकं तापत होतं. अकरा वर्षं ती चार किलोचं धूड सायकलला बांधून आणत होती. ज्यांच्यासाठी आणलं, त्यांना आहे काय आणि नाही काय, सारखंच.

तेराव्याला त्सुकुदा आजोबा आले. टोफूवाले, वय एक्याऐंशी, कानाने कमी. तीन वाजून एकवीस मिनिटं झाली होती. बँडने सुरुवातीची धून वाजवली, शेवटचा सूर लांबवला. आजोबा माइक छातीशी धरून, हसतमुखाने, दूर कुठेतरी बघत उभे राहिले.

गायले नाहीत.

मास्तरांनी धून पुन्हा फिरवली. शेवटच्या सुरावर चिनात्सुने बोटाने तार जोरात घोळवली. आजोबा उभेच. तिसऱ्या रांगेतून त्यांची सून ओठांनी पहिली ओळ दाखवू लागली. मागे कोणीतरी हळूच म्हणालं, "विसरले बिचारे."

तिसऱ्यांदा धून संपली. इनुझुकासाहेब विंगेतून वाकून म्हणाले, "आजोबा, करा सुरू."

"करतो की," आजोबा माइकमध्येच, अगदी अदबीने म्हणाले. "पण अजून ते थरथरलं नाही."

लोक हसले. चिनात्सुच्या कानशिलांना झळ लागली. गुरुवारी सलूनमध्ये ते दर वेळी बरोबर जागेवर उचलायचे आणि तिला वाटायचं, म्हातारा मात्रा मोजतो. तो दांडीची वाट बघत होता. आणि हे त्याला आजच सांगायचं होतं, तीन वाजून तेवीस मिनिटांनी.

"फिरवत राहा," ती मास्तरांना म्हणाली.

"किती वेळा?"

"मला काय माहीत. फिरवा."

तिने वायर उपटली. दणका बसला, बाळ पुन्हा रडलं. पट्टा खांद्यावर पिळला गेला, तो तसाच राहू दिला. पोकळ गिटार मघापासून स्टँडवर गार पडली होती, एक तार उतरलेली. तिची खुंटी वाजवता वाजवताच पिळली. धून सहाव्यांदा शेवटाला आली, तिने दांडी हलवली, सूर थरथरला.

आजोबांनी गाणं उचललं, जणू मधे काही झालंच नव्हतं. दोन कडव्यांची परवानगी होती. ते चारही गायले.

चौदावं, शेवटच्या मुलीचं गाणं संपलं तेव्हा तीन एक्केचाळीस झाले होते.

चिनात्सु वायर गुंडाळत असताना इनुझुकासाहेब आले. "अकरा मिनिटं उशीर."

"हो."

"त्यातला बराचसा एकाच गाण्यात."

"माझी चूक. मधे मी गिटार बदलणं सोडलं होतं."

"ते मला कळलं नव्हतं. तोकुएबाईंनी आत्ता दारात धरून सांगितलं. म्हणाल्या, माझं गाणं आज उपाशी वाटलं, मी रडून निभावून नेलं." त्यांनी घड्याळाचा पट्टा सैल केला. "बाकीच्यांनाही कळलं होतं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून कोणी बोललं नाही."

"बोलले असते तर बरं झालं असतं."

"आता सगळे मला बोलतायत. मशीन असतं तर धून पुढे गेली असती, आणि आजोबा गाणं संपेपर्यंत उभे राहिले असते. त्यांची सून हे तीनदा बोलली." ते थांबले. "पुढच्या वर्षी बँडच."

चिनात्सु आभारासाठी वाकली, जरा जास्तच खोल. मग सरळ होत म्हणाली, "मग यादीत आधी जुनी—"

"एकाआड एक," इनुझुकासाहेब म्हणाले. "आणि पुढच्या वेळी सोळा जण आहेत."

हानाए बेसच्या पिशवीआड तोंड लपवून हसत होती.

दोन्ही हातांत दोन गिटारी घेऊन चिनात्सु दाराशी आली तर त्सुकुदा आजोबा उभे. हातात पाण्याने भरलेली प्लास्टिकची पिशवी, आत टोफूची वडी.

"घे, पोरी. आजचाच आहे."

"आजोबा, माझे हात भरलेत."

त्यांना ऐकू आलं नाही. पिशवी पुढे धरून, हसतमुखाने, ते वाट बघत राहिले. घाई त्यांना कशाचीच नव्हती.

चिनात्सुने सुस्कारा टाकला आणि पातळ गिटार खाली ठेवली.