सगळ्यांना कळवलं

बोईसरच्या त्या इस्पितळात टीमवर्कचं फार कौतुक. मालक डॉक्टर शैलेश यांनी रिसेप्शनवर भलाथोरला फोटोच लावला होता. मधोमध ते स्वतः, एका अंगाला आहारतज्ज्ञ किंजल, दुसऱ्या अंगाला तेजल सिस्टर आणि पार टोकाला फिजिओथेरपिस्ट समिधा. सगळे कसे तोंडभर हसत होते. ही मंडळी मनापासून एकत्र आली ती त्या फोटोपुरतीच.

बाकी जो तो आपापल्या कुंपणात. औषधं डॉक्टरांची, खाणंपिणं किंजलचं, सुया-सलाईन तेजलचं आणि हातपाय समिधाचे. दुसऱ्याच्या वाडीत पाय टाकलेला कुणाला खपत नसे. मागे समिधाने एका अशक्त बाईला रोज एक अंडं खायला सांगितलं, तर किंजलने तोंड फुगवलं आणि डॉक्टरांनी भर वॉर्डात सुनावलं, "मॅडम, तुम्ही गुडघे बघा." ते समिधाच्या मनाला फार लागलं होतं.

त्यानंतर शिरगावचे आत्माराम काका आले. वाडीवाले, नारळ-सुपारीत आयुष्य गेलेले. पॅरालिसिसने डावी बाजू लुळी पडली होती. बायको वत्सला खाटेजवळचं स्टूल सोडत नव्हती. समिधा काकांना बसायला शिकवायची तेव्हा एका बाजूने ती धरायची, दुसऱ्या बाजूने वत्सला.

असंच बसवलेलं असताना वत्सलाने त्यांना शहाळ्याचं पाणी पाजलं. काकांना ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, आवाज घोगरा झाला. पुढच्या घोटाला पुन्हा तेच. समिधा काय ते समजली. अंगाबरोबर गळाही लुळा पडला होता, पाणी अन्ननलिका सोडून श्वासाच्या वाटेने उतरत होतं. असंच चाललं तर छातीत न्यूमोनिया होऊन माणूस हातचा जाणार. पातळ बंद करा, लापशीसारखं घट्ट करून चमच्याने भरवा, एवढंच सांगायचं होतं. अगदी ओठांवर आलं होतं. पण पाणी म्हणजे किंजलचा प्रांत, आणि ते गुडघे अजून आठवत होते. समिधा गप्प बसली.

बाहेर पॅसेजमध्ये येऊन तिने सगळं नीट टाइप करून टीमच्या ग्रुपवर टाकलं. लगेच किंजलचा अंगठा आला, तेजलचा आला, थोड्या वेळाने खुद्द डॉक्टरांचा आला. समिधाला हायसं वाटलं. डॉक्टरांना वाटलं, किंजल बघेल. किंजलला वाटलं, डॉक्टर सांगतील तेव्हा बदलू. तेजल मनाशी म्हणाली, ऑर्डर आल्याशिवाय मी कशाला नाक खुपसू. एवढी शहाणी माणसं, पण एकालाही खाटेपर्यंत चालत जावंसं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी राउंडला डॉक्टरांनी विचारलं, "काय, सगळं ठीक?" सगळ्यांनी माना डोलावल्या, समिधानेही. काकांना घरी सोडलं. दाराशी व्हीलचेअर धरून उभी असताना तिने ऐकलं, किंजल वत्सलाला बजावत होती, "अंगात पाणी कमी पडू देऊ नका. शहाळं भरपूर द्या." मग तिने स्वतःची समजूत घातली, डॉक्टरांना विचारूनच सांगत असेल.

आठवड्याभरात काका धापा टाकत परत आले आणि आयसीयूत गेले. मग मीटिंग झाली. "टीम म्हणून आपण कुठेही कमी पडलो नाही," डॉक्टर म्हणाले. सगळ्यांसाठी चहा आला आणि सगळ्यांनी तो प्यायला, समिधानेसुद्धा.

काकांचं दिवसकार्य उरकल्यावर वत्सला कागद न्यायला आली. काउंटरवर मुलगा प्रदीप उभा होता. तिने समिधाला बघितलं आणि हात जोडले.

"तुमी लय केलंत बाय. माजंच चुकलं. सकाळ-सांज शहाळं पाजलं, घरच्या माडाचं. आयसीयूवाले बोलले, पानी छातीत गेलं. परदीप तोंडावर बोलतो, आयेनेच पाजून मारलं बाबाला. नातवाला भरवाया घेतला तर सून माज्या हातातनं ताट काडून घेते."

समिधाला ते सोसवेना. ही बाई जन्मभर हे ओझं वाहणार होती.

"काकू, तुमची काही चूक नाही," ती म्हणाली. "त्यांना पातळ चालत नाही हे मला दिसलं होतं. मी डॉक्टरांना, किंजलला, सिस्टरला, सगळ्यांना कळवलं होतं."

वत्सलाने जोडलेले हात खाली घेतले. तिच्या तोंडावर राग नव्हता. राग असता तर समिधाला बरं वाटलं असतं.

"आनि मी तितंच बसलेली ना गं," वत्सला म्हणाली. "एका बाजूने तू धरलेलंस, एका बाजूने मी. मला का नाय सांगितलंस?"