बारकीचं नॉर्मल हृदय

थांबा गं, मध्ये बोलू नका, नाहीतर माझी लिंक तुटेल. आमचा पॉडकास्ट माहितीये ना, मी आणि माझी रूममेट बारकी मिळून करतो तो, हृदयाच्या आवाजांवरचा? मेडिकलची पोरं ऐकतात, शिवाय माझा मामा. मामा डॉक्टर, दवाखान्यात जाताना गाडीत लावतो आणि चुका काढतो.

तर यावेळी म्हटलं, आजारी हृदयं सगळेच ऐकवतात, आपण आधी निरोगी ऐकवू. जुन्या स्टेथोची नळी कापली, त्यात कॉलर माइक कोंबला, बारकी गादीवर आडवी, मी तिच्यावर ओणवी, आवाज घुमू नये म्हणून दोघींच्या डोक्यावरून रजई. भाग टाकला. मी त्यात ऐटीत म्हटलंय, "हे शंभर टक्के नॉर्मल हृदय. ऐका, ठोक्याचे दोनच आवाज, लब आणि डब."

सकाळी मामाचा फोन. "काय गं, ती छाती कोणाची?"

"बारकीची. का?"

"लब आणि डबच्या मध्ये काहीतरी फुसफुसतंय. घेऊन ये तिला."

फोन स्पीकरवर होता. बारकीचा टूथब्रश तोंडात तसाच.

फुसफुस म्हणजे मर्मर, म्हणजे हृदयाची झडप गळत असेल, हे आम्हाला झोपेतही पाठ. मी लगेच माझा स्टेथो लावला आणि शपथ, मलाही ऐकू आलं. तिनं स्वतः लावला, तिलाही. घाबरलेल्या कानांना काय, सगळंच ऐकू येतं. मग बाईसाहेब जिन्याच्या दर वळणावर थांबून स्वतःची नाडी बघायला लागल्या. तेवढ्यात तिच्या आईचा फोन, तर म्हणे, "काही नाही गं आई, घसा बसलाय." खरं कळलं असतं तर काकू पहिल्या गाडीनं हजर.

दवाखान्यात मामानं तिला स्वतःचा स्टेथो लावला. बसवून ऐकलं, कुशीवर वळवून ऐकलं, डोळे मिटून. "स्वच्छ आहे," म्हणाला.

"मामा, मला बरं वाटावं म्हणून सांगताय ना?" बारकी अगदी रडवेली.

मामा माझ्याकडे वळला. "ते तुमचं यंत्र आणलंयस ना? लाव."

लावलं, तशीच ओणवी झाले. स्पीकरमधून लब, फुस्स, डब.

"श्वास रोखून धर," मामा तिला म्हणाला. तिनं धरला. फुस्स चालूच. बारकी पांढरीफटक.

मामा माझ्याकडे बघत राहिला. "आता तू धर."

"मी?"

"तूच. आणि तोंडही बंद."

धरला. लब-डब, लब-डब, घड्याळासारखं. नळीच्या तोंडाशी माझंच नाक, तेही सर्दीनं चोंदलेलं.

"हिचं हृदय उत्तम आहे," मामा म्हणाला. "तुझं नाक तेवढं दाखव कुणाला तरी."

बारकी हसता हसता टेबलावरून पडायची राहिली. "मामा, ही गप्प बसली तरी बडबडतेच."

भाग काढून टाकायचा नाही, असं मामानं बजावलंय. उलट शेवटी हे जोडा म्हणाला, पोरांना सांगा, पेशंटमध्ये खोट काढण्याआधी एकदा आपला श्वास धरून बघा.

हॉस्टेलवर आलो तर बारकी दोन-दोन पायऱ्या चढत सुटली. मी मागे, धापा टाकत. वरच्या वळणावरून खाली वाकून म्हणते कशी, "काय गं, ही फुसफुस कुठून येतेय?"