विम्यात पिवळी, बुट्टीत पांढरी

मित्रांनो, मी एक जुनी बुट्टी आहे. बांबूच्या काड्यांची, झाकणाची, तळाला एक काडी मोडलेली. माझा स्वभाव घाबरट आहे, हे आधीच सांगून टाकते. जिला स्वतःच्या तळाचाच भरवसा नाही, तिला काळजीशिवाय दुसरं काय सुचणार?

मला विणलं कागलच्या चिमणाबाईंनी. त्यांची बोटं भराभर चालायची आणि तोंड त्याहून भराभर. बाजारातून मी हुपरीला शालूबाईंच्या घरी आले. तेव्हा माझ्यात कोंबड्या असायच्या. पाहुणे आले की शालूबाई मला पुढे करून म्हणायच्या, "असली वीण आता बघायला मिळत न्हाय." मी आपली फुगायची. पुढे कोंबड्या संपल्या, घरात प्लास्टिकच्या टोपल्या आल्या आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. तिथे धूळ खात किती वर्षं काढली ते विचारू नका. आज ना उद्या चुलीत जाणार, एवढाच माझा विचार.

मला खाली आणलं ते सायनं. साय म्हणजे शालूबाईंची मांजर, पांढरीशुभ्र. एके दिवशी ती माळ्यावर चढली आणि माझ्यात जी झोपली, ती उठेचना. शेवटी शालूबाईंनी तिच्यासकट मला उतरवलं आणि आपल्या कामाच्या पाटाशेजारी ठेवलं. व्यापारी देतात त्या चांदीच्या पैंजणांना शालूबाई मजुरीवर घुंगरू लावतात. गल्लीत विचाराल तर त्या सांगतील, मांजर उंदरांसाठी ठेवलीय. पण दुधावरची साय कुणाच्या वाटीत जाते ते मी रोज बघते. पोटच्या लेकाला, आदर्शला, चहात नुसतं दूध.

मागच्या वर्षी साय पत्र्यावरून पडली आणि पाय दुखावून बसली. कोल्हापूरच्या दवाखान्यात खर्च बराच आला. तेव्हा आदर्शची बायको वर्षाराणी सासूला म्हणाली, "आत्या, हिचा विमा काढूया."

"म्हशीचा असतोय विमा. मांजराचा कुठं असतोय?" शालूबाई म्हणाल्या.

त्यांचे दीर हंबीरराव योगायोगानं आले होते. त्यांच्या गोठ्यात सहा म्हशी, सहाही विम्याच्या. त्यामुळे ते या विषयातले जाणकार. वर्षाराणीनं मोबाईलवर दोन योजना वाचून दाखवल्या. एक स्वस्त होती, मांजर दगावली तरच पैसे देणारी. दुसरी महाग, पण अपघात आणि ऑपरेशनचा खर्च उचलणारी. कंपनीनं मंजुरी दिली की ती थेट दवाखान्यात पैसे भरणार.

"स्वस्तातली घे," हंबीरराव म्हणाले. "आमची म्हस गेली की कानातला बिल्ला दावायचा, पैसं घ्यायचं, दुसरी म्हस आणायची. सोपं काम हाय."

"म्हस दुसरी आणता हो मामा," वर्षाराणी म्हणाली. "साय गेल्यावर आलेल्या पैशाचं मी काय करू?"

हंबीररावांनी उरलेला चहा संपवला. विमा महागातला ठरला.

आता सांगते तो घोळ. ते दिवस पट्टणकोडोलीच्या जत्रेचे होते. आमच्याकडे या जत्रेत भंडारा उधळतात, म्हणजे हळदीची पूड. रस्ते पिवळे, माणसं पिवळी, एसटीच्या सीटासुद्धा पिवळ्या. शालूबाई नुकत्याच तिथून परतल्या होत्या. दार, पाट, अवजारं, सगळ्यांना त्यांनी भंडारा लावला. उरलेल्या पुडीवर सायनं लोळण घेतली आणि ती नखशिखांत पिवळी झाली.

विम्याला तिचे फोटो हवे होते. वर्षाराणी म्हणाली, "आधी पुसून घेते."

"पुसू नगंस," शालूबाई म्हणाल्या. "देवाचा भंडारा हाय अंगावर. चांगल्या कामाला निघालोय, असाच काढ फोटो."

त्यांनी सायला दोन्ही हातांनी उचलून धरलं आणि फोटो निघाले. रंगाच्या रकान्यात फोनमध्ये आपोआप 'पिवळसर' आलं आणि वर्षाराणीनं घाईत तेच पुढे ढकललं. मी शेजारीच होते. माझ्या काडीकाडीला कळत होतं की हे काही बरं नाही. पण बुट्टीला कोण विचारतंय?

शिमगा झाला आणि एके दिवशी साय खायची थांबली. पाण्याला तोंड लावायची आणि ओकायची. दुसऱ्या दिवशी तिनं जांभई दिली, तेव्हा वर्षाराणीला तिच्या जिभेखाली दोरा दिसला. पैंजणांचे जोड बांधायचा दोरा. शालूबाई तो ओढायला गेल्या. वर्षाराणीनं त्यांचा हात धरला. "आत्या, थांबा. आत कुठं अडकला असंल तर?" तो हात तिनं धरला नसता तर पुढची गोष्ट सांगायला माझी जीभ रेटली नसती.

आदर्श कामावर गेला होता. दोघींनी सायला माझ्यात ठेवलं, झाकण दोरीनं बांधलं आणि कोल्हापूरची एसटी पकडली. मित्रांनो, त्या प्रवासाची मला आजही धडकी भरते. गाडी खड्ड्यात आदळली की माझी मोडकी काडी करकरायची. मी सारखी मनात म्हणत होते, आज नको, आज तळ सुटायला नको. साय एरवी अख्खी गाडी डोक्यावर घेते. त्या दिवशी ती हूं की चूं करत नव्हती. शालूबाई झाकणाच्या फटीतून बोट घालून ती श्वास घेते का ते बघत होत्या.

दवाखान्यात डॉक्टर प्रियदर्शनी यांनी तपासणी केली. "दोऱ्यानं आतडं गोळा झालंय," त्या म्हणाल्या. "ओढला नाहीत ते फार बरं केलंत, आतडं फाटलं असतं. पण संध्याकाळच्या आत ऑपरेशन करायला हवं. उद्यावर टाकता येणार नाही."

वर्षाराणीनं लगेच विमा कंपनीला कागद आणि सायचा फोटो पाठवला. थोड्या वेळानं पुण्याहून फोन आला. बोलणाऱ्या मुलीनं आपलं नाव सौंदर्या सांगितलं. आवाज मऊ होता, पण बोलणं सरळ मुद्द्याचं.

"मॅडम, आमच्याकडं नोंदलेली मांजर पिवळी आहे. तुम्ही दवाखान्यात नेलेली पांढरी दिसतेय. ही दुसरी मांजर असेल तर मंजुरी देता येणार नाही."

वर्षाराणीचा चेहरा उतरला. ती जत्रेचं सांगू लागली. पलीकडून उत्तर आलं, "मला पटतंय हो. पण कागदावर मी काय लिहू?"

घड्याळात तीन वाजून गेले होते. घरात चांदी होती, पण ती व्यापाऱ्याची. त्यातली एक कडीसुद्धा शालूबाईंची नव्हती. सायला आत नेलं होतं, आणि रिकामी मी बाकावर त्यांच्या मांडीशी होते. साय जिथे निजायची तिथे, माझ्या तळावर, त्यांनी हात ठेवला होता. कोंबड्या गेल्यावर मी वर्षानुवर्षं रिकामी होते, पण इतकी रिकामी कधीच नव्हते.

डॉक्टर बाहेर आल्या. "काय करूया?"

"चालू करा," शालूबाई म्हणाल्या. "कंपनीनं न्हाय म्हटलं तर मी फेडीन. वरीस लागू दे, न्हायतर दोन."

मग त्यांनी सुनेच्या हातातून फोन घेतला. "बाई, तुला पावती नगं, कागद नगं. तुझ्याकडंचा तो विमा काढतानाचा फोटो उघड. उघडलास?"

"हो, आजी."

"मांजराला धरलेलं हात बघ. कसल्या रंगाचं हायत?"

पलीकडून कळफलकाची टकटक ऐकू आली.

"कोपरापतुर पिवळं हायत का न्हाईत? ते माझं हात हायत. माणूस असलं जन्मतंय व्हय कुठं? वर्षे, माझ्या हाताचा आत्ताचा फोटो पाठव हिला. चांदीकामानं अंगठ्याला घट्टा पडलाय, तो दोन्ही फोटोत दिसंल. हात पिवळं हुत्यात, तर मांजर का हुणार न्हाय?"

वर्षाराणीनं फोटो पाठवला. "वरिष्ठांना दाखवते," सौंदर्या म्हणाली आणि फोन बंद झाला.

पुढचा वेळ कसा गेला ते सांगता येत नाही. आतून भांड्यांचा आवाज आला की शालूबाई उठायच्या आणि पुन्हा बसायच्या. आपल्याच घरातला दोरा, आपणच खाली पडू दिला, असं त्या दोनदा पुटपुटल्या. वर्षाराणी नुसती त्यांच्या पाठीवर हात फिरवत राहिली. मी माझी मोडकी काडी आवळून बसले.

ऊन खिडकीतून उतरलं तेव्हा दार उघडलं. डॉक्टरांच्या हातात साय होती, पोटावरचे केस काढलेली, जीभ अर्धवट बाहेर. "दोरा सगळा निघालाय," त्या म्हणाल्या. "आता शुद्धीवर येऊ दे."

शालूबाईंनी सायच्या तोंडाजवळ तोंड नेलं. त्याच वेळी फोन वाजला. वर्षाराणीनं ऐकलं आणि रडतच सांगू लागली, "आत्या, कंपनीनं..."

"मागनं सांग," शालूबाई तिच्याकडे न बघता म्हणाल्या. "आधी तिला डोळं उघडू दे."

सायनं डोळे उघडले. मगच त्यांनी विचारलं, "हां. काय म्हणती ती पुण्याची पोरगी?"

मित्रांनो, मंजुरी मिळाली होती. पण तुम्ही त्या फोनच्या भरवशावर राहू नका. मुक्या जिवाचा विमा काढाल तेव्हा तो जसा आहे तसा दाखवा, आणि काय लिहिलंय ते घरी कुणीतरी शांतपणे वाचा. दोरा, सुई, रबर खाली पडू देऊ नका. जीव खायचा थांबला तर उद्याची वाट बघू नका. कारण कागद चुकला तर फोन करता येतो, भांडता येतं. आतडं आवळत असताना साय माझ्यात गप्प पडून होती. तिला कुठं दुखतंय ते मला आतून कळत होतं, आणि मला सांगता येत नव्हतं.